एकाच मांडवात दोन लग्नं

लोकल जाते ते कर्जत वेगळं. तिकडं रेल्वे आहे, धो धो पाऊस आहे आणि वडा प्रसिद्ध आहे. आमच्याकडे यातलं काहीच नाही. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं. गोदड महाराजांचं, ज्वारीचं, लिंबाचं आणि कुकडीच्या पाण्याच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्यांचं. मागं एकदा मुंबईचे एक पाहुणे साखरपुड्याला निघाले ते थेट तिकडच्या स्टेशनवर उतरले आणि तिथून फोन, "उतरलोय, कुठल्या बाजूला येऊ?" आम्ही म्हणालो, "आता राहू द्या, लग्नालाच या."

तर या बिनरेल्वेच्या कर्जतमध्ये माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एक मशीन, एक लॅमिनेशनचं यंत्र, दोन स्टेपलर (त्यातला एक कायम कुणीतरी नेलेला) आणि बाहेर एक लाकडी बाकडं. बाकडं गिऱ्हाइकांसाठी आहे असा माझा समज होता. दिवाळी संपली की त्याचा ताबा बारावी सायन्सची पोरं घेतात, तो पेपर होईपर्यंत सोडत नाहीत. चौघांच्या बाकड्यावर आठ जण बसतात, दोघं उभे राहतात आणि एक जण माझ्या काउंटरवर कोपर टेकून असा उभा असतो की गिऱ्हाइकाला वाटावं, मालक हाच.

ही पोरं माझ्याकडे काही माझ्या प्रेमापोटी येत नाहीत. राशीनची गाडी, मिरजगावची गाडी, कुळधरणची गाडी, यातली एकही वेळेवर येत नाही म्हणून येतात. कॉलेज सुटल्यावर गाडी येईपर्यंत दीड-दोन तास जातात, आणि त्या वेळात दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे पोरं अभ्यास करतात. एसटी वेळेवर धावली असती तर तालुक्यातली निम्मी पोरं बायोत नापास झाली असती, हे माझं प्रामाणिक मत आहे. महामंडळाला ते कळवावं असं बरेचदा मनात येतं.

मी स्वतः आर्ट्सचा. जीवशास्त्राशी माझा संबंध एवढाच की मी जिवंत आहे. पण वर्षानुवर्षं कानावर पडून पडून आता मला मूत्रपिंडाच्या नळ्या आमच्या गल्लीच्या नळांपेक्षा जास्त माहीत झाल्यात. त्यांना निदान पाणी असतं.

आता मूळ दुखणं सांगतो. ही पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. त्यांच्या डोक्यात पेशी असते, तंतुकणिका असते, हरितलवक असतं. दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, आणि अकरावीच्या पहिल्या तासाला सगळी मंडळी एका रात्रीत नावं बदलून समोर येतात. तंतुकणिकेची मायटोकॉन्ड्रिया झालेली, हरितलवकाचं क्लोरोप्लास्ट. चांगल्या ओळखीची बाई एकदम सासरच्या नावाने समोर यावी तसं होतं. चेहरा ओळखीचा वाटतो, पण हाक कशी मारायची? मग या बाकड्यावर जे चालतं, ते खरं तर ओळख पटवायचं काम.

एका वर्षी बाकड्यावरच्या एका मुलीकडे चार रंगांची चार पेनं असत. मथळा लाल, व्याख्या निळी, उदाहरण हिरवं, आणि काळ्या पेनाने काय लिहायचं हे तिचं तिला ठाऊक. तिला सगळे चारपेनी म्हणत. तिच्या वहीची झेरॉक्स काढणं हा त्या वर्षी माझ्या धंद्याचा मोठाच आधार होता. पाठ्यपुस्तकाचं मूळ वाक्य, खाली मराठी अर्थ, बाजूला आकृती. फक्त एक गोष्ट मला खटकायची. वही देताना ती मधली दोन पानं कागदाच्या चिमट्याने बंद करून द्यायची. "काका, ही दोन सोडून बाकी सगळी काढा." मी मनात म्हणालो, आली का आईची शिकवण. तिची आई एकदा दुकानात माझ्यासमोरच बोलली होती, "सगळ्यांना नोट्स वाटत बस, मग तुझा नंबर लागायचा कधी?" पुढं मेडिकल प्रवेशाची नीट होती. त्या परीक्षेत १८० प्रश्न, त्यातले ९० एकट्या बायोचे, एक चुकलं की एक गुण वजा. तिथं शेजारी म्हणजे स्पर्धक, हे आईचं गणित काही अगदीच चूक म्हणता येत नाही. दोन पानं लपवली तर लपवली.

चारपेनीच्या बरोब्बर उलट म्हणजे बगळा. हे नाव त्याला पुस्तकानेच दिलं. सजीवांमधल्या परस्परसंबंधांच्या धड्यात सहभोजिता येते. एकाचा फायदा, दुसऱ्याला ना नफा ना तोटा. उदाहरण: चरणारी गुरं आणि त्यांच्या मागं फिरणारा बगळा. गुरं चालली की गवतातले किडे उडतात, बगळा ते खातो, गुरांना पत्ता नसतो. हे वाचून झाल्यावर बाकड्यावरच्या सगळ्यांनी एकाच वेळी त्या पोराकडे पाहिलं. त्याच्याकडे वही नव्हती, पेन नव्हतं, पुस्तक मोठ्या भावाचं आणि जुन्या अभ्यासक्रमाचं. दुसऱ्यांनी मोठ्याने वाचलेलं ऐकणं एवढाच त्याचा अभ्यास. तो स्वतःच म्हणाला, "बांडगूळ नाही म्हणालात हे उपकार."

पण मदतीला कोण कधी येईल सांगता येत नाही. एकदा प्लॅसेंटावर गाडी अडली. चार जणांनी व्याख्या वाचली, पाचव्याने गाइडमधली वाचली. ऊती, देवाणघेवाण, माता, गर्भ, सगळं आलं आणि काहीच समजलं नाही. बगळा बोरं खात बसला होता. म्हणाला, "जार ना?"

"काय?"

"आरं गाय व्याल्यावर पडत नाही का? जार. नाही पडली तर डॉक्टरला बोलावतो ती."

बाकडंभर "हां!" असा आवाज झाला. ज्या पोरांनी थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी धरून जार पडायची वाट बघितलेली, ती दोन दिवस प्लॅसेंटा पाठ करत होती. मग तर धरणच फुटलं. कोलोस्ट्रम म्हणजे चीक, ज्याचा खरवस होतो तो. इस्ट्रस सायकल म्हणजे गाय माजावर येणं. कृत्रिम रेतनाचा धडा तर त्यांना शिकवायचीच गरज नव्हती. भरवायला डॉक्टर आला की शेपटी कुणी धरायची, हा यांच्या घरचा नित्याचा वाद. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली फुले त्रिवेणी गाय एकाच्या गोठ्यात होती. अर्धी होल्स्टिन, पाव जर्सी, पाव गीर. संकराचा धडा म्हणून त्यांनी त्या गाईचीच वंशावळ काढली. तिच्या मालकाने सांगितलेला गुणधर्म मात्र पुस्तकात नव्हता: "दूध होल्स्टिनसारखं देती आणि लाथ गीरसारखी मारती."

मानवी प्रजननाच्या धड्याला मात्र बाकड्याचे दोन भाग होत. मुली या टोकाला, मुलं त्या टोकाला, मधे दोन माणसं मावतील एवढी जागा, जी एरवी कधीच रिकामी नसायची. हा धडा वर्गात लवकर उरकतात असं ऐकून आहे. मेंडेलच्या वाटाण्याला तीन आठवडे, माणसाला तीन तास, उरलेलं घरी वाचा. घरी कुठं वाचणार? घरी आजी असते. बाकड्यावर कुणी मोठ्याने वाचेना. बोट ठेवून "हे… हा मुद्दा… याच्या नंतरचा" असं चालायचं. शेवटी चारपेनीने तोड काढली. तिने सगळा धडा गाईवर घेतला. गाईचं नाव पुढं केल्यावर कुणालाच काही वाटेना. दोन्ही टोकं हळूहळू जवळ आली आणि दोन दिवसांत धडा संपला. फक्त उत्तरं लिहिताना गाय काढून टाकायला विसरू नका, अशी सूचना तिने सर्वांना लाल पेनने दिली.

अभ्यासाइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे काय ऑप्शनला टाकायचं ते ठरवणं. बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा, प्रात्यक्षिक ३० चं. लेखीत दोन गुणांचे बारापैकी आठ लिहायचे, तीन गुणांचेही बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. एवढी सवलत पाहिल्यावर कुणाचीही नियत फिरेल. पंधरा धड्यांतले किती सोडले तर चालतात, यावर जेवढं डोकं चाललं तेवढ्यात ते धडे वाचून झाले असते. एक जण मला सांगत होता, "काका, मी श्वसन आणि रक्ताभिसरण ऑप्शनला टाकलंय." मी म्हटलं, "अरे, मग पेपरपर्यंत टिकणार कसा?"

आता त्या चौकोनाची गोष्ट.

आनुवंशिकतेच्या धड्यात एक चौकोन असतो. वर आईची जनुकं, बाजूला बापाची, मधे चार घरं; त्या घरांत मुलं कशी निघतील ते बसवायचं. मेंडेलने वाटाण्याचे सात गुणधर्म घेऊन आठ वर्षं प्रयोग केले, ते १८६६ साली छापले, आणि १९०० सालापर्यंत कुणी ढुंकून पाहिलं नाही. हा मेंडेल १८५० साली शिक्षकीच्या परीक्षेत नापास झाला होता, ही माहिती बाकड्यावर कुणीतरी आणली तेव्हा मेंडेलबद्दलचा आदर एकदम वाढला.

तर मिरजगावकडच्या एका पोराला हौस आली, आपल्या घरचा चौकोन काढू. त्याचा स्वतःचा रक्तगट ओ. आईचा ओ, तिच्या बाळंतपणाच्या कागदावर होता. वडलांचा लायसनवर: एबी. चौकोन काढला. चार घरं भरली. दोन घरांत ए, दोन घरांत बी. ओ कुठंच नाही.

चौकोनात चार घरं, आणि त्याला स्वतःचं घर सापडेना.

आधी तो हसला. मग त्याने पुन्हा काढला. मग शेजारच्याने काढला. मग चारपेनीने चार रंगांत काढला. चौकोन सुंदर दिसला, पण पोरगं त्यात नव्हतंच. एबी माणसाकडे ओ असतच नाही तर तो देणार कुठून? एवढी शांतता माझ्या दुकानापुढं फक्त लाइट गेल्यावर होते. एकाने दवाखान्यात अदलाबदलीचा सिनेमातला विषय काढायला तोंड उघडलं आणि पाठीत धपाटा खाऊन मिटलं.

मग मदतीची जी धावपळ सुरू झाली, ती मी विसरणार नाही. दोघं पुस्तक उलटंपालटं करायला लागले. एकाने मोबाइलवर कोचिंगच्या सरांना विचारलं, सरांनी अंगठा पाठवला. चारपेनीला आठवलं: बॉम्बे रक्तगट! १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे यांनी शोधलेला. ए काय, बी काय, दोन्ही एच नावाच्या पायावर बांधलेले असतात. काही माणसांत तो पायाच नसतो, मग वरचं काही उभं राहत नाही आणि साध्या तपासणीत माणूस ओ दिसतो. "तू बॉम्बे असशील," ती म्हणाली.

"आरं, हा तर कधी बॉम्बेला गेला पण नाही," बगळा म्हणाला.

आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादाच असा निघतो म्हटल्यावर पोराच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं, मग ते कुठल्याही गटाचं असो. पंधरा मिनिटं तो दुर्मीळ म्हणून बसला. कुणीतरी त्याला चहासुद्धा पाजला. तेवढ्यात त्याचे वडील मोटरसायकलवरून आले. त्यांना सातबाऱ्याच्या दोन प्रती हव्या होत्या. बाकड्यावर अकरा जण श्वास रोखून, ज्याने श्वसन ऑप्शनला टाकलं होतं तोसुद्धा.

"आण्णा, तुमचा रक्तगट कोणता?"

"मला काय माहीत."

"लायसनवर एबी आहे."

"लायसनवर? ते एजंटनं टाकलंय. मला विचारलं कोणता, मी म्हटलं टाक कुठला तरी. तो म्हणला, एबी टाकतो, त्यात दोन्ही येतं."

मी मशीन थांबवलं. चारपेनीने विचारलं, "काका, कधी रक्त दिलंय का तुम्ही?" आण्णांनी पाकीट काढलं. पाकिटात देवीचा फोटो, खताची पावती आणि शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरातलं दुमडून दुमडून चार तुकडे व्हायला आलेलं कार्ड. बी पॉझिटिव्ह. कार्ड काउंटरवर पसरलं, त्यावरच चौकोन काढला. बापाकडे एक बी, एक ओ धरला. दोन घरांत बी, दोन घरांत ओ.

"सापडला! खालच्या ओळीत!"

"काय सापडलं?" आण्णांनी विचारलं.

"काही नाही आण्णा. मी."

त्या रात्री घरी जाऊन मी माझं लायसन काढून पाहिलं. एबी पॉझिटिव्ह. एजंट तोच होता.

असल्या प्रसंगातून पोरांना एक कळून चुकलं की पुस्तकातलं आपल्या घरी लागू पडतं. उलटं मात्र चालत नाही. जैवविविधतेच्या धड्यात मूलस्थानी संवर्धनाची उदाहरणं विचारतात. आमच्या तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, १९८० सालचं, अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही एवढं. त्या बाजूचं एक पोरगं बाकड्यावर असायचं. तो म्हणाला, "मूलस्थानी म्हणजे आमची तूर. रात्री पन्नास-पन्नास येत्यात. हद्दीचा बोर्ड वाचत नाहीत." सगळ्यांनी त्याला समजावलं की भावा, पेपरात काझीरंगा लिही. तपासणारा कुठल्या गावचा असेल सांगता येत नाही, आणि त्याला कर्जत म्हटलं की लोकल आठवली तर? त्याने काझीरंगाच लिहायचं कबूल केलं, पण लिहिताना गेंडा आपल्या तुरीत येतोय असं काहीतरी डोळ्यापुढं येतं म्हणाला.

चिमटा लावलेली ती दोन पानं माझ्या डोक्यातून जात नव्हती. जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी बाकड्यावर फक्त चारपेनी आणि बगळा उरले होते, राशीनची गाडी कुठंतरी पंक्चर होती. तिने चिमटा काढला. मी वाकून पाहिलं. मला वाटलं होतं तिथं गुप्त खजिना असेल. दोन्ही पानं जवळजवळ कोरी. वर लाल मथळा: दुहेरी फलन. खाली एक आकृती, तीनदा खोडलेली. शेजारी काळ्या पेनाने एकच शब्द: "समजलं नाही." काळं पेन कशासाठी होतं ते तेव्हा कळलं.

सगळ्या बॅचला नोट्स पुरवणारीला हे सांगायची चोरी झाली होती. बगळ्याला मात्र कसलीच चोरी नव्हती. तो म्हणाला, "हे सोपंय. एकाच मांडवात दोन लग्नं."

"म्हणजे?"

"सामुदायिक विवाह नसतो का? तसं. परागनलिका म्हणजे वऱ्हाडाची गाडी. एका गाडीत दोन नवरे. बीजांडात मांडव टाकलेला. आत बघ कोण कोण आहे: मधे नवरी, ती अंडपेशी. तिच्या दोन्ही बाजूला दोन करवल्या."

"सिनर्जिड," चारपेनी म्हणाली. तिने निळं पेन उघडलं होतं.

"असतील. त्याच गाडीला वाट दावतात. पार मागं कोपऱ्यात तीन पाहुणे. नुसते बसलेले, जेवायला आलेत का कशाला कुणाला माहीत नाही."

"अँटिपोडल."

"हां. आता पहिल्या नवऱ्याचं नवरीशी लागलं, त्यांचा संसार सुरू, तो भ्रूण. दुसरा नवरा उतरला तर नवरी शिल्लक नाही. मांडवाच्या मधोमध दोन केंद्रकं बसलेली, त्यांच्याशी त्याची गाठ मारून दिली. म्हणजे तिघं झाले."

"थ्री एन! म्हणून ट्रिप्लॉइड!"

"आणि त्याला दिला भटारखाना. त्यानं आयुष्यभर पहिल्याच्या पोरांसाठी स्वयंपाक करायचा. तो एंडोस्पर्म."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, हरभऱ्यात एंडोस्पर्म का दिसत नाही? बगळ्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "त्यांच्याकडं पंगत आधीच उठली. डाळ फुगलेली दिसती ती खाल्लेलीच. एरंडाकडं बी पिकलं तरी पातेलं भरलेलं." मी पुस्तकात पाहिलं, अगदी तसंच होतं, फक्त पातेलं नव्हतं.

हे सगळं याला कुणी शिकवलं? कुणी नाही. त्याला वही नव्हती, म्हणून ऐकलेलं कशाला तरी अडकवून ठेवायची सवय लागलेली. अडकवायला त्याच्याकडे काय होतं? गोठा आणि गावातली लग्नं. अर्थात याचा तोटाही होता. पूर्वपरीक्षेत याने हे सगळं इंग्रजीत, मांडवासकट लिहिलं. सरांनी गुण दिला शून्य आणि शेजारी लाल पेनने लिहिलं: "पत्रिका कुठंय?" मग चारपेनीने त्याला आठ दिवस बसवून मांडवाचं इंग्रजी करून दिलं. करवलीला काय म्हणायचं, पाहुण्यांना काय, वऱ्हाडाच्या गाडीला काय. दोघांचाही फायदा; पुस्तकाच्या भाषेत याला सहोपकारिता म्हणतात. बगळ्याचं नाव मात्र बदललं नाही. एकदा पडलेलं नाव आपल्याकडे बदलत नाही, जिल्ह्याचं बदलतं.

त्या मांडवाच्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी ती वही घेऊन आली. चिमटा नव्हता. "काका, आता ती दोन पण काढा. बत्तीस प्रती."

यथावकाश पेपर आला. हे सांगणं-विचारणं बाकड्यावर इतके दिवस उघड चाललेलं, पण त्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्याचा अर्थ बदलतो. अकराच्या आधी सांगितलं तर ज्ञानदान, अकरानंतर सांगितलं तर गैरमार्ग. त्यासाठी १९८२ सालचा कायदाच आहे. परीक्षेच्या काळात केंद्राच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायचे आदेश निघतात. त्यात माझंही येतं. एरवी मी बायोचा सेवक, आणि पेपरच्या दिवशी सरकारदप्तरी संशयित. मी तक्रार करत नाही. मायक्रो झेरॉक्स मागायला येणारे असतातच. एकाने तर "काका, पॉकेट साइज नोट्स" म्हणून तीन धडे बसतिकिटाएवढ्या कागदावर मागितले होते. मी म्हटलं, एवढं बारीक वाचायला भिंग लागेल. तो म्हणाला, भिंग आत नेऊ देतील का? मी म्हटलं, जा, अभ्यास कर.

सकाळी बंद शटरसमोरच्या बाकड्यावर शेवटची फेरी झाली. कुणी कुणाला करवल्या विचारतंय, कुणी रक्तगटाचा चौकोन तळहातावर काढून लगेच पुसतंय, कारण तोही पुरावा ठरायचा. आण्णांचा पोरगा सगळ्यांना एकच सांगत होता: "लायसनवर विश्वास ठेवू नका." मग सगळे उठून गेले. बाकड्यावर एक खोडरबर राहिलं.

पेपर सुटला तो दोन वाजून दहा मिनिटांनी. शेवटी दहा मिनिटं जादा देतात, त्यात बगळ्याने पुरवणी मागितल्याचं कळलं आणि सगळे हादरले. बाकड्यावर पंचनामा बसला. ज्याने श्वसन ऑप्शनला टाकलं होतं, त्याचा आवाज बसला होता. त्याच्यावर काय गुजरलं ते मी विचारलं नाही. चारपेनीने बगळ्याला हळूच विचारलं, "मांडव नाही ना लिहिलास?"

"नाही गं. पण आकृती मांडवासारखी दिसत होती. त्याला इलाज नाही."

तेवढ्यात राशीनची गाडी आली. वेळेवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोरं निम्मी वाक्यं तशीच टाकून पळाली. मी शटर अर्धं वर करून खोडरबर आत ठेवलं आणि घरी जेवायला गेलो.

घरी बायकोने नारळ फोडला होता. मी वाटीतलं पाणी पीत म्हणालो, "हे काय आहे माहितीय का? एंडोस्पर्म. यात नुसती केंद्रकं मोकळी फिरत असतात. आणि हे खोबरं म्हणजे तेच, पेशी झालेलं."

"तो दुसऱ्या नवऱ्याचा भटारखाना म्हणत होतात, तोच ना?"

"तोच."

"मग उभे काय राहिलात? ही घ्या खवणी."